चारणारा हात

त्या घराचा एक नियम होता, आणि तो वडिलांनी घालून दिलेला असल्यामुळे त्याचे कारण कधी कोणी विचारले नव्हते. मेंढरांना जो चारतो, त्याने गाडी यायच्या दिवशी फाटकाशी यायचे नाही. चारणारा हात वेगळा आणि धाडणारा हात वेगळा. वडील गेल्यावर हे दोन हात दोन भावांकडे आले. थोरल्याकडे चारापाणी, आजारपणे आणि मेंढ्यांची बाळंतपणे आली. मेंढरांच्या कमरेवरून हात फिरवून मांस जोखणे, तयार झालेल्यांच्या पाठीवर निळा पट्टा ओढणे आणि त्यांना गाडीत चढवणे हे धाकट्याकडे आले. गाडी जिथे जाई त्या जागेचे नाव घरात कोणी घेत नसे. ‘तिकडे’ एवढा एकच शब्द त्या घराला आजवर पुरला होता.

गाडीच्या दिवशी थोरला सकाळीच पेंडीची पोती आणायला बाहेर पडे. घरात पोती असोत वा नसोत, त्या दिवशी ती आणावीच लागत. तो परत येई तेव्हा मेंढवाडा अर्धा रिकामा असे. तो पोती उतरवी, उरलेल्यांना खुराक घाली, आणि सकाळी काय झाले हे विचारत नसे. धाकटाही सांगत नसे. जेवताना दोघे भाऊ छपराच्या गळतीविषयी नाहीतर एखाद्या नातेवाइकाच्या गुडघेदुखीविषयी बोलत. एकट्याला न पेलणारे ओझे दोघांत वाटून टाकले की ते कोणालाच जाणवत नाही, असे वडिलांचे गणित असावे. ते इतकी वर्षे चुकले नव्हते.

यंदा ते चुकले, आणि तेही त्या गळक्या छपरापायीच. पत्रा बसवायला धाकटा वर चढला, पत्र्यासकट खाली आला, आणि त्याचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला.

“दादा, परवाची गाडी तुला बघावी लागेल,” गळ्यात अडकवलेला हात सावरत तो म्हणाला.

थोरला तेव्हा गव्हाण साफ करत होता. तो थांबला नाही. “दुसरं कोणी बघ.”

“दुसरं कोण? मागे एकदा परका माणूस आणला होता, आठवतंय ना? एका मेंढ्यानं कुंपणावरून उडी टाकली आणि पाय मोडून घेतला. आपली मेंढरं परक्याला जवळ करत नाहीत.”

“गाडीवाला आहे की.”

“गाडीवाला मागचा फाळका उघडतो आणि बाजूला उभा राहून विडी पेटवतो. तेवढंच त्याला जमतं.”

“पुढे ढकल.”

“तिकडची वेळ ठरलेली असते, दादा. ते काय आपले मामा आहेत, या वेळी नाही तर पुढच्या वेळी या म्हणायला?” धाकट्याने थोडा सूर बदलला. “अरे, काही नसतं त्यात. फळी लावायची, हाकायचं, फाळका लावायचा. मी उभा राहीन की शेजारी. तोंड शाबूत आहे माझं.”

“ते कधी मोडणार नाही,” थोरला म्हणाला, आणि ओला झाडू घेऊन निघून गेला.

त्या क्षणापासून त्याचे बूड एका जागी टेकेना. फाटकाची बिजागरी कुरकुरत नव्हती, तरी तिला त्याने तेल घातले. गाडीला लावायच्या फळीवर दोनदा चालून पाहिले. तिच्या आडव्या पट्ट्यांवर हातोडी मारून पाहिली. एक पट्टी किंचित हलली, तर त्याला बरेच वाटले, कारण हातांना काम मिळाले. ते काम संपताच पाय पुन्हा चालू लागले. चहा समोर आला की तो अर्धा कप पिऊन उठे, आणि उरलेला अर्धा आपण कुठे ठेवला हे पुढे तासभर शोधत राही.

निळ्या पट्ट्याच्या मेंढरांत बाटल्या नावाचा मेंढा होता. या येरझारांचे कारण तोच होता, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होते.

बाटल्याची आई त्याला जन्म देतानाच गेली होती. दुसऱ्या मेंढीच्या कासेला लावून पाहिले, तर तिने त्याला ढुशी देऊन दूर लोटले. मग थोरल्याने त्याला सदऱ्यात गुंडाळून स्वयंपाकघरात आणले. कांद्यांचा लाकडी खोका रिकामा करून चुलीच्या बाजूला ठेवला, आत जुने पोते अंथरले, आणि बाटलीला रबरी बोंडी लावून दुधाची धार मनगटावर ऊन आहे का ते पाहत त्याला वाढवले. या घरात मेंढरांना नावे ठेवत नसत. तोही वडिलांचाच दंडक. पण थोरल्याच्या बायकोने एकदा वैतागून, “घ्या, आले तुमचे बाटल्या महाराज!” असे म्हटले, आणि ते नाव त्याला चिकटले. ती धाकट्याची वहिनी, आणि म्हणून गाडीवाल्यापासून दाण्याच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांचीच वहिनी होती. बाटल्याने तिचे एक पायपुसणे खाल्ले होते. पाहुण्यांसमोर येऊन सतरंजीवर लेंड्या टाकल्या होत्या. तो मोठा होऊन मेंढवाड्यात गेला, तरी थोरला आत आला की सगळ्यांना मागे टाकून त्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून उभा राही, आणि थोरला जिथे जाई तिथे त्याच्या टाचेशी टाच लावून चाले.

आदल्या दिवशी दुपारी धाकटा मेंढवाड्यात शिरला, आणि बाहेर येऊन नाकाला रुमाल लावत म्हणाला, “वहिनी, आपला बाटल्या हल्ली रॉकेल पितो काय?”

वहिनी धुणे वाळत घालत होती. तिने मागे वळून पाहिले नाही. “मला काय माहीत?”

“त्याच्या पाठीवरचा पट्टा आकाशासारखा फिका झालाय. आणि वास असा, की कोणी जवळ काडी ओढली तर आपण सगळेच तिकडे जाऊ.”

“पुसला मी,” वहिनी म्हणाली. “चिंधी घेतली आणि पुसला. काय करायचं ते करा, भावोजी. खोक्यात मुतायचा तेव्हा त्याचं पोतं कोण धुवायचं? तुम्ही?”

धाकटा हसला. पण हसणे अर्धेच राहिले, कारण मागे थोरला येऊन उभा होता.

“तू सांगितलंस?” धाकट्याने विचारले.

“नाही.”

“मग आता काय म्हणतोस? ठेवायचा?”

थोरल्याला ‘हो’ म्हणता आले असते. तोंडापर्यंत ते आलेही होते. पण मग त्याची दृष्टी बाटल्याच्या शेजारी उभ्या असलेल्या तुटक्या कानाच्या मेंढ्याकडे गेली. हिवाळ्यात त्याला जुलाब लागले होते, तेव्हा थोरला त्याच्याशेजारी पोत्यावर निजला होता. त्याला नाव नव्हते, पाठीवरचा पट्टा मात्र गडद निळा होता.

“उद्या बघू,” तो म्हणाला.

“उद्या बघू!” वहिनीने ओला टॉवेल दोरीवर जोराने झटकला. “यांचं सगळं उद्यावर. लग्नात मंगलाष्टकं संपली तरी हार हातातच होता.”

त्या संध्याकाळी निळ्या पट्ट्याच्या मेंढरांना फाटकाशी वेगळे कोंडले आणि खुराक दिला नाही. तिकडे जाणाऱ्या जनावरांचे पोट रिकामे लागते. त्यांना पाणी तेवढे ठेवायचे, ही रीत होती. एरवी हे काम धाकटा करी आणि थोरल्याला ते दिसत नसे. आज त्याने स्वतः गव्हाणी पालथ्या घातल्या. मेंढरे त्याच्याकडे पाहत राहिली. ती ओरडली नाहीत. त्यांना वाटले असावे की याला उशीर होतो आहे.

सकाळी गाडी आली. गाडीवाला उतरला, फाळका खाली पाडला, फळी लावली, आणि बाजूला होऊन विडी पेटवली. धाकटा प्लॅस्टर सांभाळत कुंपणाच्या कोपऱ्यावर उभा राहिला. वहिनी बाहेर आली नव्हती, पण स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आणि आत भांड्यांचा आवाज नको तितका मोठा होत होता.

थोरला खुराकाच्या खोलीतून बाहेर आला आणि सरळ फळीकडे गेला. पट्टी पुन्हा सैल झाली नाही ना, एवढेच त्याच्या मनात होते. तो फळीवर चढला, गाडीत शिरला, टाच आपटून पाहिली. त्या हालचालीत त्याच्या हातातल्या बादलीची कडी काठावर आपटून वाजली.

आपण बादली घेऊन आलो आहोत हे तेव्हा त्याला कळले. इतकी वर्षे रोज सकाळी खुराकाच्या खोलीतून बाहेर पडताना त्याच्या हातात ती असे. हाताने आज मनाला न विचारताच ती खुंटीवरून काढली होती. बादली रिकामी होती.

पण मेंढरांना ते कसे कळावे? कडी वाजली आणि निळ्या पट्ट्याचा सबंध कळप उठला. रात्रभर उपाशी राहिलेली ती जनावरे उघड्या फाटकातून, एकमेकांच्या पाठीवर हनुवट्या टेकवत, फळीवरून धडधडत वर आली. कोणाला हाकावे लागले नाही, कोणी मागे वळले नाही. पाहता पाहता गाडी भरली. थोरला आतल्या भिंतीशी दाबला गेला, आणि त्याच्या भोवती चहूकडून लोकरीची ऊब दाटली.

“वा रे वा!” गाडीवाल्याने विडी ओठांतून काढली. “इतकी वर्षं हे काम करतोय, पण वऱ्हाडाला पंगतीला बोलवावं तशी चढलेली मेंढरं आज पहिल्यांदा पाहिली. धाकटे, तुमचा हात असाच गळ्यात राहू दे. हेच बरं आहे.”

“दादा, उतर खाली! फाळका लावू दे!” धाकटा आनंदाने ओरडला.

थोरला हलला नाही. तुटक्या कानाच्या मेंढ्याने बादलीत तोंड घातले होते. त्याने तळ हुंगला, नाकपुडीने एकदा पत्रा वाजवला, मग मान वर करून थोरल्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, शंकाही नव्हती. ‘राहिले वाटते घालायचे’ एवढाच त्या दृष्टीचा अर्थ होता. मग त्याने पुन्हा तोंड आत घातले.

बादलीचा नाद म्हणजे खुराक, हे त्या मुक्या प्राण्यांना थोरल्याने शब्दावाचून दिलेले वचन होते. ते त्याने आजारपणात, वादळात, बापाच्या मृत्यूच्या दिवशीसुद्धा मोडले नव्हते. दिलेले वचन आपल्याकडून नकळत मोडले जाते तेव्हा माणसाला आपलाच हात परका वाटू लागतो. थोरल्याला तसे झाले. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. हे सोपे झाले होते. धाकट्याला ज्या कामात घाम फुटे, काठी लागे, आरडाओरड लागे, ते त्याच्या प्रेमामुळे एका क्षणात झाले होते.

तो वाट काढत फळीवरून खाली उतरला. बाटल्या लगेच त्याच्या मागे निघाला, आणि बाटल्या निघाला तसा त्याच्या मागे सगळा कळप आला तसाच उतरून मेंढवाड्यात परत शिरला.

गाडीवाल्याची विडी बोटांतच विझली. “अहो, चढलेली मेंढरं कोणी उतरवतं का?”

“दादा, काय करतोयस तू?” धाकटा कुंपण सोडून पुढे आला.

थोरल्याने बादली भिंतीपलीकडे भिरकावून दिली. ती दगडावर आपटल्याचा आवाज झाला, आणि काही मेंढरांनी तिकडेही आशेने कान टवकारले. “रिकाम्या बादलीनं मी यांना कधी बोलावलेलं नाही.”

“मग भर आणि बोलाव!”

“पोट रिकामं लागतं ना?”

“लागतं.”

“मग हातानं नेतो. एकेकाला.”

“दादा...” धाकट्याने डोळे मिटून घेतले. “हातानं नेलं म्हणून तिकडे काही निराळं होणार आहे का?”

“नाही.”

“मग?”

थोरल्याने बाह्या वर सारल्या आणि तुटक्या कानाच्या मेंढ्यापाशी गेला. एक हात हनुवटीखाली, दुसरा शेपटीच्या मुळाशी, अशी मेंढरू चालवण्याची रीत असते. त्या रीतीने त्याने त्याला फाटकातून बाहेर काढले. मेंढ्याला ते रुचले नाही. तो मागे रेटू लागला, फळीशी येताच त्याने चारही पाय रोवले, आणि थोरल्याच्या नडगीवर त्याचा एक खूर जोरात बसला. थोरल्याने वेदना गिळली आणि त्याला रेटत वर नेले. हा झगडा त्याला बरा वाटला. निदान त्या प्राण्याला ‘नको’ म्हणता आले.

असे एकामागून एक चालले. कोणी आडवे पडले, कोणी त्याच्या सदऱ्याचे बटण तोडले. ऊन कुंपणाच्या वर आले. गाडीवाल्याने हात कपाळाला लावून सूर्याकडे पाहिले आणि म्हणाला, “तिकडचे लोक मला विचारतील, वाटेत मुलगी पाहायला गेला होतास का?”

“सांगा, पसंत पडली नाही म्हणून,” धाकटा म्हणाला. पण तो आता थोरल्याकडे निराळ्या नजरेने पाहत होता. डाव्या हाताने तो फाटक उघडू-लावू लागला.

या सगळ्या येरझारांत एक गंमत, म्हणायची तर गंमत, चालली होती. थोरला मेंढरू घेऊन वर जाई, तसा बाटल्या त्याच्या टाचेशी वर जाई. थोरला खाली उतरे, तसा तोही खाली उतरे. त्याला कोणी धरत नव्हते. जणू हे दोघांचे मिळून काम होते. त्याच्या पाठीवरचा फिकट पट्टा घामाच्या डागासारखा दिसत होता. पुढे पुढे असे होऊ लागले की जे मेंढरू पाय रोवून उभे राही, ते बाटल्या पुढे गेलेला पाहून थोडे सैल होई आणि त्याच्या मागून चालू लागे.

हे धाकट्याच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. तो धंद्यातला माणूस होता.

शेवटी मेंढवाड्यात निळ्या पट्ट्याचे कोणी उरले नाही. गाडी भरली. खाली थोरला उभा होता, आणि त्याच्या गुडघ्याला कपाळ टेकवून बाटल्या.

“एक राहिलं,” गाडीवाला म्हणाला.

“राहू दे,” धाकटा म्हणाला. “दादा, ठेव त्याला. तुझ्या मनात होतं ना? ठेव. तिकडे मी सांगतो काय सांगायचं ते.”

स्वयंपाकघराच्या खिडकीतला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

थोरल्याने भावाकडे पाहिले. “खरंच?”

“अरे, खरंच. पाहिलंस ना, बाकीची कशी याच्या मागून चालतात? पुढच्या वेळी तू नुसतं याला घेऊन वर जायचं. सगळी मागोमाग येतील. काठी नको, बादली नको. मग याला बाजूनं उतरवून घ्यायचं. कामाचा आहे हा. म्हातारा होईपर्यंत ठेवू.”

गाडीत मेंढरांचे खूर लाकडावर सरकत होते.

हवे होते ते मिळाले होते. दोन दिवसांपासून ज्यासाठी पायांना भिंगरी लागली होती, ते आता कोणी न मागता हातावर ठेवत होते. थोरल्याने बाटल्याच्या कानामागे बोटे घातली. तिथे लोकर मऊ असे, आणि अजून रॉकेलचा वास येत होता. या प्राण्याने पायपुसणे खाल्ले होते, सतरंजी घाण केली होती, पण कोणाला फसवले नव्हते. सकाळी त्या रिकाम्या बादलीने जे केले, ते याने जन्मभर करायचे. बादलीला ते कळत नव्हते, आणि यालाही ते कधीच कळणार नव्हते.

“हे काम मी त्याला देणार नाही,” तो म्हणाला.

“मग काम नका देऊ!” वहिनी खिडकीतून ओरडली, आणि दुसऱ्याच क्षणी पदराला हात पुसत बाहेर आली. “नुसता ठेवा. गाडीच्या दिवशी मागे बांधून ठेवू. एकाला ठेवल्यानं कोणाचं काय जातंय?”

“माझं जातं.”

“काय जातं?”

थोरल्याला बोलणे कधी जमत नसे. “याला ठेवला की मला बरं वाटेल. रोज याला पाहीन आणि बरं वाटेल. मग ही गाडी निघाली काय आणि पुढची निघाली काय, मला वाटेल, एकाला वाचवलं ना आपण. त्या तुटक्या कानवाल्यानं काय केलं होतं? त्याची आई जगली, एवढंच.”

“म्हणजे तुम्हाला बरं वाटू नये म्हणून तो जाणार?” वहिनीचा आवाज चिरला. “हा कुठला न्याय?”

त्यात न्याय नव्हता, आणि थोरल्यानेही तसा दावा केला नाही. त्याचा निर्णय योग्य होता की नाही, यावर त्या घरात पुढे कधी एकमत झाले नाही. मला विचाराल तर वहिनीच्या प्रश्नाला आजही उत्तर नाही. थोरला फळीवर चढला. बाटल्या त्याच्या मागे चढला. या वेळी थोरला उतरला नाही.

“लाव फाळका,” तो आतून म्हणाला.

“अहो, मागं माणूस बसवायची मला परवानगी नाही!” गाडीवाला म्हणाला.

“मग मला मेंढरू समज.”

गाडीवाल्याने धाकट्याकडे पाहिले. धाकट्याने डाव्या हाताने फाळक्याची एक बाजू उचलली. “लावा,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “आज त्याचं कोणी ऐकलं नाही तर तो चालत येईल.”

रस्ता खडबडीत होता. वळणांवर मेंढरे एका बाजूला कलत, आणि थोरला दोन्ही हात पसरून त्यांना सावरत असे. बसावे म्हटले तरी जागा नव्हती, आणि असती तरी तो बसला नसता. आपण त्यांना धीर देतो आहोत की त्यांच्याकडून घेतो आहोत, हे त्याला सबंध वाटेत ठरवता आले नाही. बाटल्याने त्याच्या सदऱ्याचे उरलेले बटण तोंडात धरले होते.

तिकडे लोखंडी फाटक होते, धुतलेली फरशी होती, आणि सतत वाहणाऱ्या पाण्याचा आवाज होता. गमबूट घातलेला एक माणूस पुढे आला आणि गाडीतून उतरणाऱ्या थोरल्याकडे आश्चर्याने पाहू लागला.

“तुम्ही कोण?”

“मी यांना चारतो.”

चारणारे इथवर येत नाहीत. गमबूटवाल्याने बाजूला होऊन वाट दिली. थोरल्याने मघाच्याच रीतीने, एक हात हनुवटीखाली आणि एक शेपटीच्या मुळाशी, एकेकाला आतल्या दारापर्यंत नेले. प्रत्येकाच्या कानामागे त्याची बोटे क्षणभर थांबत. ज्याला नाव होते त्याच्याही, ज्यांना नव्हते त्यांच्याही.

“इथून पुढं आम्ही,” दाराशी गमबूटवाला म्हणाला. तो उर्मट नव्हता. रोजचे काम करणाऱ्या माणसाचा जो थकलेला सभ्यपणा असतो, तो त्याच्या आवाजात होता.

बाटल्या शेवटी आत गेला, आणि थोरला मागे येत नाही हे पाहून वळला. थोरल्याचे पाय निघून जायला ओढत होते. दोन दिवस ज्या पायांनी त्याला उसंत दिली नव्हती, ते आता सर्व बळाने पळ म्हणत होते. त्याने ते रोवले. दार लागेपर्यंत तो दिसेल अशा जागी, न हलता, उभा राहिला.

घरी परतला तेव्हा दिवस कलला होता. वहिनीने ताट वाढले, पाण्याचा तांब्या थोडा आपटूनच ठेवला, आणि ती चुलीकडे वळली. तिथे तो लाकडी खोका होता. आतले पोते तिने झटकून घडी घालून ठेवले होते.

“हा काढून टाकू?” तिने न पाहता विचारले.

“राहू दे. लागेल.”

“कशाला?”

“एखादीचं पिल्लू मागे राहतंच.”

वहिनी वळली. तिचे डोळे लाल होते, आणि त्यांत अजून राग होता. “म्हणजे पुन्हा? पुन्हा बाटली, पुन्हा हे सगळं?”

“पुन्हा.”

थोड्या वेळाने तिने त्याच्या ताटात न विचारता आणखी भाजी वाढली. तिला क्षमा म्हणावे, की अन्न वाया जाऊ नये ही काळजी म्हणावी, हे थोरल्याला समजले नाही. त्याने खाल्ले.

ओसरीवर धाकटा बसला होता. प्लॅस्टरच्या कडेतून काडी घालून तो खाज भागवत होता. “दादा,” तो म्हणाला, “हात सुटला की पुढची गाडी मी बघेन. तू आपला पोती आणायला जा. बाबा म्हणायचे ते उगाच नव्हतं.”

“उगाच नव्हतं,” थोरल्याने मान्य केले. “पण पुढचीही मीच बघेन.”

“का? आज काय हाल झाले तुझे, बघितलंस ना?”

“बघितले. तुझेही होत असतील. इतकी वर्षं मी विचारलं नाही.”

धाकट्याची काडी थांबली. त्याने तोंड दुसरीकडे फिरवले. मग पुन्हा खाजवू लागला.

थोरला भिंतीपलीकडे गेला आणि बादली शोधून आणली. तिला एका बाजूला पोचा पडला होता, पण ती गळत नव्हती. खुराकाच्या खोलीत जाऊन त्याने ती भरली. मेंढवाड्याच्या फाटकाशी तो आला. आत उरलेली मेंढरे विखुरलेली होती, आणि मोकळ्या जागेत त्यांच्या सावल्या लांब पडल्या होत्या.

नेहमीप्रमाणे कडी वाजवायला त्याने हात उचलला, आणि थांबला. त्याने बादलीत पाहिले. मग बाही वर करून आत हात घातला आणि दाण्यांतून थेट तळापर्यंत नेला. पूर्वी तो असे कधी करत नसे.

बोटांना पत्रा लागला. वरपर्यंत दाणा होता. मग त्याने कडी वाजवली.